राष्ट्रपतिपदाचा उमेदवार : तागडी आणि कसोटी

(बीड येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुलै २०२७ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या पदाची मुदत संपते. अधिसूचना निघण्याच्या पुष्कळ आधी दिल्लीत नावांची कुजबुज सुरू व्हावी, हा आजवरचा रिवाज आहे. कोणी दक्षिणेचा हवा म्हणतो, कोणी स्त्री हवी म्हणतो, कोणी राष्ट्रपती एका समाजाचा असेल तर उपराष्ट्रपती दुसऱ्या समाजाचा असावा असा हिशेब मांडतो. या साऱ्या चर्चेत जिल्ह्यातील कार्यकर्ता केवळ श्रोता असतो. ही थोरामोठ्यांची निवडणूक, तिच्यात सामान्य माणसाला मत नाही, मग विचार तरी कशाला करावयाचा, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे.

प्रथम साधे अंकगणित पाहावे. बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. तिला २८८ आमदारांनी आणि पुन्हा एक हजाराने भागले की हा आकडा येतो. २०२२ च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. म्हणजे सहा आमदार आणि एक खासदार मिळून बीड जिल्ह्याच्या पदरात १,७५० मते होती. देशभरातील एकूण मूल्य १०,८६,४३१ होते. हजारामागे दीडाहून थोडा अधिक असा हा वाटा दिसावयास लहान आहे. परंतु ही मते बीडच्या जनतेने निवडून दिलेल्या माणसांची आहेत, आणि ती कोणत्या विचाराने पडतात हे विचारण्याचा अधिकार त्या जनतेला आहे.

तो अधिकार बजावण्यापूर्वी उमेदवार तोलावा कसा, हे ठरले पाहिजे. आज पक्षांच्या हातात जी तागडी आहे तिच्यात तीन प्रकारची वजने पडतात. पहिले वजन जात, धर्म आणि प्रांत यांचे. दुसरे जोडीदाराचे, म्हणजे राष्ट्रपतीसमवेत उपराष्ट्रपती कोण याचे. तिसरे प्रतिस्पर्ध्याच्या वैगुण्याचे. ही तिन्ही वजने खोटी नाहीत. पण ती अपुरी आहेत.

जोडीदाराची कल्पना अमेरिकेच्या राजकारणात रुळलेली आहे. तेथे १८०४ च्या घटनादुरुस्तीपासून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मते स्वतंत्रपणे नोंदली जातात, आणि व्यवहारात दोघे एकाच उमेदवारीवर, एकमेकांच्या बळावर उभे राहतात. भारतात तसे नाही. राष्ट्रपतीला संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात. उपराष्ट्रपतीला केवळ संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, आणि तेथे प्रत्येकाला एकच मत असते. निवडणुका निराळ्या, मतदार निराळे. तरीही पक्षश्रेष्ठींच्या खोलीत दोन्ही नावे एकाच कागदावर लिहिली जातात.

२००२ हे त्याचे ठळक उदाहरण होय. सत्तारूढ राष्ट्रीय लोकशाही आघाडीत प्रथम महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या नावाची चर्चा झाली. काँग्रेसला ते नाव रुचले नाही. मग डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आले. तेव्हाचे संसदीय कामकाज मंत्री होते अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन. बेरजेच्या राजकारणात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. गुजरातमध्ये त्याच वर्षी झालेल्या हत्याकांडाचा डाग असताना मुसलमान शास्त्रज्ञाचे नाव पुढे आले आणि काँग्रेसनेही त्याला पाठिंबा दिला. डाव्या पक्षांनी आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सेहगल यांना उभे केले. कलामांना ९,२२,८८४ आणि सेहगल यांना १,०७,३६६ मते मिळाली. दुसऱ्या पदासाठी मात्र सत्तारूढ पक्षाने आपला मुरलेला पुढारी, भैरोंसिंह शेखावत, ठेवला. तेथे काँग्रेसने सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांना उभे केले आणि ते ३०५ विरुद्ध ४५४ मतांनी पराभूत झाले. वरच्या पदावर सर्वमान्य माणूस, खालच्या पदावर पक्षाचा माणूस, अशी ही जोडी होती. पहिल्या नावाने दुसऱ्याची वाट मोकळी केली.

जात-धर्माच्या वजनाविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २००७ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हमीद अन्सारी, नजमा हेपतुल्ला आणि रशीद मसूद असे तीन उमेदवार होते, तिघेही मुसलमान. अन्सारींना ४५५, हेपतुल्लांना २२२ आणि मसूद यांना ७५ मते पडली. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांच्यासमोर मीरा कुमार उभ्या राहिल्या; दोघेही दलित समाजातील. दोन्ही पारड्यांत सारखाच धोंडा ठेवला की तागडी काहीच सांगत नाही. दलित, आदिवासी, स्त्री, अल्पसंख्य यांना सर्वोच्च स्थान मिळणे ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. परंतु प्रतिनिधित्व हा विचाराचा आरंभ आहे. तेथेच विचार थांबला की समाजाचे नाव वापरले जाते आणि समाजाचे प्रश्न तसेच राहतात.

प्रांताचे वजनही असेच फसवे. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी महाराष्ट्राचे एक थोर सुपुत्र उभे होते: चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्राचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडणारा मानी माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना त्या राजीनाम्याचे मोल ठाऊक होते. परंतु १९६९ मध्ये ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार होते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या पक्षांच्या पाठिंब्याने उभा असलेला मराठी माणूस की गिरणी-रेल्वे कामगारांच्या चळवळीतून आलेले वराहगिरी व्यंकट गिरी, असा तो पेच होता. देशातील डाव्या पक्षांनी गिरी यांची बाजू घेतली. त्या वेळी लोकसभेत बीडचे प्रतिनिधित्व करीत होते क्रांतिसिंह नाना पाटील, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे सेनानी. १९६७ मध्ये बीडच्या मतदारांनी त्यांना कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने निवडून दिले होते, आणि त्यांचा पक्ष गिरींच्या पाठीशी होता. मराठीपणाचा अभिमान नाना पाटलांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. अभिमान कोठे ठेवावा आणि निर्णय कशावरून घ्यावा, हा विवेक मात्र त्या पिढीजवळ होता.

२००७ मध्ये या विवेकाची उलट बाजू दिसली. प्रतिभाताई पाटील यांचे नाव निघताच शिवसेनेने आपल्या आघाडीचे पाठबळ असलेल्या शेखावतांना सोडून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मते दिली. त्याआधी लातूरचे शिवराज पाटील यांचे नाव काँग्रेसकडून पुढे आले होते, ते डाव्या पक्षांना मान्य झाले नाही. प्रतिभाताई निवडून आल्या. देशाला पहिली स्त्री राष्ट्रपती मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट होती. परंतु मराठी माणूस हेच कारण असेल तर ते कारण कोणीही, केव्हाही वापरू शकतो. २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन हे उपराष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते महाराष्ट्राचे राज्यपाल आहेत म्हणून येथील विरोधी पक्षांनीही त्यांना मते द्यावीत असे आवाहन झालेच. राजभवनातील मुक्काम हादेखील एक प्रांताभिमान ठरू लागला!

आता तिसरे वजन, प्रतिस्पर्ध्याचे वैगुण्य. ते केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नाही, हे इतिहास स्पष्ट सांगतो.

१९६९ मध्ये ते उपयोगी पडले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरविले. इंदिराजींना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील या मंडळातील दोन्ही महाराष्ट्रीय पुढाऱ्यांनी रेड्डींच्या बाजूने कौल दिला. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांशी बोलणी केली. हेच रेड्डींचे वैगुण्य ठरले. ज्या रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींनी स्वतः सूचक म्हणून सही केली होती, त्यांच्याविरुद्ध मत देण्याची वाट त्यांनी विवेकाच्या नावाने मोकळी केली. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. कोणालाच पुरेशी मते नव्हती. खालच्या उमेदवारांची मते दुसऱ्या पसंतीनुसार वाटली गेली तेव्हा रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले, गिरी ४,२०,०७७ वर. म्हणजे रेड्डींच्या पारड्यात जवळजवळ ९२ हजार मतांची भर पडली आणि गिरींच्या पारड्यात १९ हजारांहूनही कमी. तरीही १४,६५० मतांनी गिरी विजयी झाले. रेड्डी व्यक्ती म्हणून वाईट होते असे कोणी म्हणाले नव्हते. ते कोणाच्या खांद्यावर बसून येत आहेत, हा प्रश्न होता. वैगुण्य राजकीय होते, म्हणून ते मतदाराला हलवू शकले.

२००७ मध्ये नेमके उलटे घडले. प्रतिभाताईंवर जळगावकडील सहकारी संस्थांच्या कारभारावरून विरोधकांनी आरोप केले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. परिणाम काय झाला? प्रतिभाताईंना ६,३८,११६ मते मिळाली, शेखावतांना ३,३१,३०६. या निवडणुकीत मतदार आमदार-खासदार असतात. उमेदवाराच्या व्यक्तिगत चिखलफेकीने ते हलत नाहीत. पक्ष, प्रांत आणि पुढचा हिशेब यांनी हलतात.

२०२२ चा धडा आणखी कडू आहे. विरोधी पक्षांनी शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधी यांना विचारले. तिघांनीही नकार दिला. मग यशवंत सिन्हा यांचे नाव जाहीर झाले, आणि त्याच दिवशी रात्री सत्तारूढ पक्षाने द्रौपदी मुर्मू यांचे नाव सांगितले. भाजपच्याच सरकारात अर्थमंत्री राहिलेला उमेदवार एका संथाळ स्त्रीसमोर उभा राहिला. झारखंड मुक्ती मोर्चा विरोधी आघाडी सोडून मुर्मूंकडे गेला. आदल्याच महिन्याच्या अखेरीस ज्यांचे सरकार पडले होते ते उद्धव ठाकरेदेखील तिकडेच गेले. मुर्मू ६,७६,८०३, सिन्हा ३,८०,१७७. दोष सिन्हांच्या विद्वत्तेत नव्हता. प्रतिपक्ष काय करील याची वाट पाहत विरोधकांनी स्वतःचे म्हणणेच ठरविले नाही, आणि जो उशिरा सापडला तो उमेदवार ठरला. दुसऱ्याच्या वैगुण्याची वाट पाहणे हे स्वतःचे सर्वांत मोठे वैगुण्य असते.

शिवाय माणसाचे वैगुण्य मोजण्यात चूकही होते. १९८२ मध्ये ग्यानी झैलसिंग यांनी, नेत्याने सांगितले असते तर आपण झाडूही हाती घेतला असता, अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा सारा देश हसला. हा राष्ट्रपती म्हणजे पंतप्रधानांचा रबरी शिक्का, असे सर्वांनी मानले. परंतु लोकांची पत्रे उघडून पाहण्याचा अधिकार सरकारला देणारे टपाल दुरुस्ती विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले, त्यावर याच झैलसिंगांनी मुदत संपेपर्यंत सही केली नाही. उलटपक्षी, ज्यांच्याविषयी सर्वत्र आदर होता असे कलाम मे २००५ मध्ये मॉस्कोत असताना मध्यरात्रीच्या मंत्रिमंडळ बैठकीचा कागद तेथे पोहोचला आणि बिहार विधानसभेच्या विसर्जनावर त्यांनी सही केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, लाभाच्या पदाचे विधेयक याच कलामांनी परत पाठविले, हेही सांगितले पाहिजे. माणूस एका शब्दात मोजता येत नाही.

मग मोजावे काय? ज्या एका कृतीसाठी राष्ट्रपती असतो ती कृती मोजावी. ती कृती म्हणजे सही.

२५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांच्यासमोर कागद आला. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. सही मात्र रात्रीच झाली, आणि देशातील हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. मराठवाड्यातील कित्येक समाजवादी घरांत त्या सहीची किंमत मोजली गेली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला आणि मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतीला दिला. अधिकार कागदावर आला. तो वापरणारा हात मात्र निवडावाच लागतो.

१९७७ मध्ये जनता पक्षाने तो हात कसा निवडला? १९६९ मध्ये पडलेले संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. इंदिराजींनी पाडलेला माणूस, एवढेच त्यांचे मोठे वजन होते. दोन वर्षे गेली. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार पडले, चरणसिंग आले, आणि संसदेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. जनता पक्षाचे नेते जगजीवनराम सरकार बनविण्याची संधी मागत होते. रेड्डींनी ती दिली नाही. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळण्याचा क्षण त्या सहीने निसटला. १९६९ मध्ये ज्या जगजीवनरामांना डावलून रेड्डींचे नाव ठरले होते, त्याच जगजीवनरामांसमोर दहा वर्षांनी रेड्डींनी दार लावले. आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या, त्यांत महाराष्ट्रही होता. शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार गेले; ज्या सरकारात भाई वैद्य गृहराज्यमंत्री होते, आणि ज्याच्या काळात, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला होता. त्या बरखास्तीवरही सही रेड्डींचीच. १९७७ मध्ये जनता सरकारनेही नऊ राज्यांत हेच केले होते, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. दोन्ही वेळा राष्ट्रपती भवनातून हवा तो कागद मिळाला, आणि दोन्ही वेळा राज्यांच्या मतदाराचा शब्द दिल्लीत पुसला गेला.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली; मंत्रिमंडळाची बैठक न घेता, पंतप्रधानांच्या विशेष अधिकाराने हा निर्णय राष्ट्रपतींकडे गेला होता. गावोगावच्या माणसांनी सकाळी दूरचित्रवाणी लावली तेव्हा मुंबईत शपथविधी उरकलेला होता. ते सरकार चार दिवसही टिकले नाही. परंतु अशा वेळी एक प्रश्न विचारणारा, 'मंत्रिमंडळ बसले होते काय?' एवढेच म्हणणारा राष्ट्रपती असता तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. असा राष्ट्रपती कल्पनेतला नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशाबाबतची आणि १९९८ मध्ये बिहारबाबतची राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठविली. एकदा गुजराल सरकारची, एकदा वाजपेयी सरकारची. दोन भिन्न पक्षांच्या सरकारांना एकच उत्तर देणारा हात देशाने पाहिलेला आहे.

हीच कसोटी जोडीदारालाही लावली पाहिजे. उपराष्ट्रपतिपद हे शोभेचे किंवा समजूत काढण्याचे पद मानले जाते. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन निवर्तले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही झाली ती या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची. दुसऱ्याच दिवशी निवडणुकीसाठी त्यांनी पद सोडले. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले आणि जमखंडीचे बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. त्याच एप्रिलमध्ये नऊ विधानसभांच्या विसर्जनाच्या कागदावर सही करण्यास आढेवेढे घेणारे तेच. आठ वर्षांच्या आत दोनदा, देशाच्या इतिहासातील मोठे कागद दुसऱ्या माणसासमोर आले. शिवाय राज्यसभेचा सभापती तोच. विरोधकाला बोलू द्यावयाचे की नाही, विधेयक घाईने रेटावयाचे की नाही, हे रोज त्याच्या आसनावरून ठरते. तेव्हा दुसरे नाव हे पहिल्या नावाचा तोल सांभाळण्यासाठी टाकलेला धोंडा नव्हे.

आता विरोधी पक्षांच्या परंपरेकडे पाहावे. हरणार हे दिसत असताना उमेदवार उभा करावयाचा तो कशासाठी? १९६७ मध्ये विरोधकांनी सरन्यायाधीशपद सोडून आलेले के. सुब्बाराव यांना उभे केले. त्यांना ३,६३,९७१ मते मिळाली, झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४. लढत चांगली झाली. पण त्याच वर्षी गोलकनाथ खटल्यात संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार आखडणारा निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख सुब्बारावच होते, आणि त्या निर्णयावर उतारा म्हणून लोकसभेत विधेयक आणणारे होते कोकणचे समाजवादी खासदार नाथ पै. एका हाताने निर्णयाला विरोध, दुसऱ्या हाताने निर्णय देणाऱ्याला मत, असा विरोधी पक्षांचा तो विसंवाद होता. मतांची बेरीज जमली, विचारांची जमली नाही.

१९८२ मध्ये मात्र हंसराज खन्ना उभे राहिले. आणीबाणीत नागरिकाला जगण्याचा हक्कही मागता येणार नाही असे १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती म्हणाले, तेव्हा एकट्याने असहमती नोंदविणारे ते न्यायमूर्ती. त्यापायी सरन्यायाधीशपद त्यांच्या हातून गेले. त्यांना २,८२,६८५ मते मिळाली आणि झैलसिंगांना ७,५४,११३. पराभव मोठा होता, पण उमेदवाराचे नाव हाच एक जाहीरनामा होता. कागद समोर आला तर हा माणूस काय करील, हे त्याने आधीच करून दाखविले होते. १९८७ मध्ये व्ही. आर. कृष्ण अय्यर यांची उमेदवारी त्याच जातीची. २०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी उभे राहिले. छत्तीसगडमधील सलवा जुडूमविरुद्ध २०११ मध्ये दिलेल्या निकालावरून त्यांच्यावर टीका झाली. म्हणजे त्यांचे सामर्थ्य तेच त्यांचे वैगुण्य म्हणून दाखविले गेले. ते ३०० विरुद्ध ४५२ मतांनी हरले, आणि विरोधकांची आपली म्हणून मोजलेली सर्व मतेदेखील त्यांना पडली नाहीत. अशा उमेदवारीचा अर्थ संसदेबाहेर लोकांपर्यंत नेण्याचे काम पक्षांनी केले नाही, तर ती दिल्लीतल्या दिल्लीतच विरून जाते.

या साऱ्यांतून कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, नाव आधी आणि निकष मागून ही पद्धत उलटली पाहिजे. राज्य सरकार बरखास्तीचा कागद, मध्यरात्रीचा वटहुकूम, नागरिकाच्या स्वातंत्र्यावर येणारे विधेयक आणि फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज, या चार प्रसंगी उमेदवाराचे पूर्वायुष्य काय सांगते, हे प्रथम तपासावे. जात, प्रांत, स्त्री-पुरुष यांचा विचार अवश्य करावा, पण तो या चाळणीतून उतरलेल्या नावांमध्ये करावा. तशी नावे दलितांत, आदिवासींत, स्त्रियांत नाहीत असे कोणी म्हणू नये. दुसरी गोष्ट, दोन्ही पदांना एकच कसोटी. तिसरी गोष्ट, घाई आणि उशीर दोन्ही टाळणे. आता राष्ट्रपतिपदाच्या अर्जावर पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात. लहान पक्षाला स्वतःच्या बळावर अर्जही भरता येत नाही. म्हणून लहान पक्षाचे वजन संख्येत नसते, लवकर आणि स्पष्ट बोलण्यात असते.

चौथी गोष्ट बीडची. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत व्हिप निघत नाही आणि मतदान गुप्त असते. पक्षाचा आदेश होता, मी काय करणार, असे म्हणण्याची सोय येथे आमदाराला नाही. हा त्याच्या स्वतःच्या विवेकाचा दिवस असतो. म्हणूनच त्याला मतदानाआधी विचारता येते. बीडचे सहाही आमदार २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानातून आले. तेव्हा गळीत हंगाम सुरू झाला होता आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गाव सोडू लागल्या होत्या. मतासाठी थांबावे की फडावर जावे, हा पेच त्या माणसांनी सोसला. त्यांच्या मताच्या पायावर हे १७५ चे मूल्य उभे आहे. गेवराईच्या बाजारात, केजच्या बसस्थानकावर, परळीच्या कारखान्याच्या दारात साध्या सभा घेऊन, 'तुमचे मत कोणत्या कसोटीवर पडणार?' एवढाच प्रश्न त्या त्या आमदाराला जाहीरपणे विचारावा. उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर तेही लोकांना कळेल.

उचल म्हणजे काय, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली त्या कोयत्याला, आज अंग मोडले आहे, आज फडात उतरत नाही, असे म्हणता येत नाही. त्या कामगाराची ती अगतिकता आहे; तिची लाज व्यवस्थेला वाटावी. पण राष्ट्राच्या सर्वोच्च आसनावर बसणाऱ्या माणसाला अशी अगतिकता नसते. तरीही जो कोणाची तरी उचल घेऊन तेथे पोहोचतो, त्याच्या हातून रात्री आलेला कागद परत जात नाही. उमेदवार कोणत्या प्रांताचा आणि कोणत्या जातीचा, हे जरूर पाहावे. त्याने उचल कोणाची घेतली आहे, हे मात्र सर्वांआधी विचारावे.